टीएमएसचे सहा आठवडे : नैराश्यावरच्या चुंबकीय उपचारात रोज काय घडतं

टीएमएस म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन : डोक्यावर कॉइल टेकवून चुंबकीय स्पंदांनी मेंदूचा ठरावीक भाग उद्दीपित करण्याचा उपचार. त्यासाठी पाठवलेल्या पेशंटची फाइल हातात आली की आम्ही आधी औषधांची यादी काढून बसतो. 'दोन-तीन औषधं झाली, गुण नाही' असं वर लिहिलेलं असतं. पण कोणतं औषध, किती मात्रेत, किती आठवडे, हे विचारायला घेतलं की चित्र बदलतं. एक औषध मळमळ झाली म्हणून दहा दिवसांत सोडलेलं असतं, दुसरं सुरुवातीच्याच मात्रेवर महिनोन्‌महिने चालू असतं, तिसरं आठवड्यातून चारच दिवस घेतलं जात असतं. यातलं एकही औषध 'लागू पडलं नाही' असं म्हणता येत नाही. ते नीट दिलंच गेलं नाही. परिणामकारक मात्रा गाठायची आणि त्या मात्रेवर रोज न चुकता निदान सहा आठवडे काढायचे, तेव्हा कुठे एक औषध करून पाहिलं असं होतं.

त्याच बैठकीत थायरॉइड तपासलं आहे का, दारू किती आहे, झोपेत श्वास अडतो का, हेही विचारून घ्यायचं. आणखी एक प्रश्न कधीच गाळायचा नाही : आयुष्यात कधी असे चार-पाच दिवस आले होते का, की झोप जवळजवळ नव्हती, तरी थकवा नव्हता, डोक्यात कल्पनांची गर्दी होती आणि पैसे हातात टिकत नव्हते? उत्तर 'हो' आलं तर आजार बायपोलर, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साह आलटूनपालटून येणारा, असण्याची शक्यता उभी राहते आणि उपचारांची सगळी आखणी नव्याने करावी लागते. हे प्रश्न बहुतेक वेळा आधी कोणी ना कोणी विचारलेले असतात, पण घरच्या माणसाला समोर बसवून विचारलेले नसतात. पेशंटला स्वतःचे ते दिवस 'बरे दिवस' म्हणूनच आठवतात.

एवढी चाळणी लावून जे उरतात, त्यांना आणखी एक औषध बदलून किती उपयोग होईल? अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने साधारण ३७ टक्के लोकांचं नैराश्य पूर्ण ओसरलं, दुसऱ्या टप्प्यात ३१ टक्के, तिसऱ्यात १४ आणि चौथ्यात १३. या मोजणीवर पुढे वाद झाले, फेरविश्लेषणात एकूण आकडा बराच खाली आला. पण दोन औषधं व्यवस्थित देऊन झाल्यावर तिसऱ्याकडून फार आशा धरता येत नाही, एवढं त्यातून कळतं. टीएमएसचा विचार सुरू होतो तो इथे.

यंत्र

तांब्याच्या तारेची, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दोन वेटोळ्यांची कॉइल प्लास्टिकच्या आवरणात बसवलेली असते. यंत्रातल्या कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार एका झटक्यात तिच्यातून सोडला जातो. हा प्रवाह सेकंदाच्या साधारण चार हजाराव्या हिश्शाइतकाच टिकतो. तेवढ्या वेळात चुंबकीय क्षेत्र चढतं आणि उतरतं, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे शेजारच्या वाहकात वीज खेळते हे फॅरडेने १८३१ मध्येच दाखवलं होतं. इथे तो वाहक म्हणजे मेंदूचा पृष्ठभाग. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी कवटीबाहेरून असा स्पंद देऊन हाताचा स्नायू हलवून दाखवला. नैराश्यावरच्या उपचाराला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेची, परवानगी मिळाली ती २००८ मध्ये.

क्षेत्राची ताकद दीड ते दोन टेस्ला असते, म्हणजे एमआरआयच्या घरातली. पण ती कॉइलच्या तोंडाशी. थोडं अंतर गेलं की ती झपाट्याने घटते आणि साध्या कॉइलचा परिणाम टाळूच्या कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली फारसा पोचत नाही. म्हणून 'चुंबकाने सगळा मेंदू हलवतात का' या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. आपण डाव्या कपाळाच्या वरच्या, बाहेरच्या भागातला थोडासा पृष्ठभाग उद्दीपित करतो. त्या भागाला डीएलपीएफसी म्हणतात. नैराश्यात खोलवरचा सबजेन्युअल सिंग्युलेट नावाचा भाग अतिसक्रिय आढळतो. तिथे बाहेरून थेट पोचता येत नाही, पण डीएलपीएफसीच्या काही ठिकाणांचं कामकाज त्याच्या उलट दिशेने चालतं. पृष्ठभागावरच्या योग्य जागी रोज स्पंद दिले की या भागांना जोडणाऱ्या जाळ्यातून परिणाम आतपर्यंत जातो, अशी आजची समजूत आहे. 'योग्य जागी' हे शब्द महत्त्वाचे. या उपचारात जे काही बिघडतं त्यातलं निम्मं जागेशी निगडित असतं.

नातेवाईक हमखास विचारतात, 'हे शॉकच ना?' नाही. शॉकमध्ये, म्हणजे ईसीटीमध्ये, भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन मुद्दाम फिट आणवली जाते. फिट हाच तिथला उपचार असतो. टीएमएसमध्ये भूल नसते, पेशंट पूर्ण जागा असतो, आणि फिट आली तर ती दुर्घटना समजली जाते. दोन्हींतलं एक श्रेष्ठ आणि दुसरं कनिष्ठ असं मात्र नाही. ज्याने खाणंपिणं सोडलं आहे, जो हालचाल आणि बोलणं थांबवून निश्चल पडला आहे, ज्याला नैराश्यासोबत भास किंवा भ्रम आहेत, किंवा ज्याच्या जिवाला आज-उद्या धोका आहे, त्याला सहा आठवडे टीएमएसच्या खुर्चीत बसवणं चूक आहे. त्याला ईसीटी लागते, आणि लवकर लागते. लोक शॉकला घाबरतात म्हणून टीएमएस सुचवली जाते, ही आम्हाला वारंवार दिसणारी आणि खरोखर काळजीची गोष्ट आहे.

धातू, औषधं, झोप

सुरुवातीची प्रश्नावली कंटाळवाणी असते, पण तिच्यातला एकही प्रश्न सोडता येत नाही. कानात कॉक्लियर इम्प्लांट आहे का, मेंदूतल्या रक्तवाहिनीला क्लिप लावली आहे का, मेंदूत उत्तेजनासाठी इलेक्ट्रोड बसवले आहेत का, डोळ्यात किंवा डोक्यात कधी धातूचा कण गेला होता का. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्या माणसाला हा शेवटचा प्रश्न वेगळा, थांबून विचारायचा. कॉइलपासून ३० सेंटिमीटरच्या आत चुंबकाला ओढला जाणारा धातू किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण असेल तर उपचार होत नाही. दातांतल्या साध्या फिलिंगचा अडथळा नाही. पेसमेकर छातीत असल्यामुळे तो सरसकट बाद नसतो, पण हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी मताशिवाय पुढे जायचं नाही. चष्मा, कानातले, केसांच्या पिना आणि श्रवणयंत्र रोज काढून ठेवायचं.

फिटचा धोका हजार पेशंटांमागे एकापेक्षा कमी आहे. तो कमीच राहावा म्हणून झोप, दारू आणि औषधं या तीन गोष्टी रोज विचारायच्या. आदल्या रात्री झोप नेहमीपेक्षा फारच कमी झाली असेल तर त्या दिवशीचं सेशन पुढे ढकलायचं. रोज पिणाऱ्याने अचानक दारू सोडली असेल तर पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात; त्यामुळे 'उपचारासाठी कालपासूनच सोडली' हे ऐकून खूश होण्याआधी थांबायचं. बुप्रोपियॉन, क्लोझापिन, ट्रायसायक्लिक गटातली जुनी औषधं फिटची शक्यता वाढवतात. त्यांच्यासोबत उपचार करता येतो, पण मात्रा मध्येच वाढवली तर आम्हाला कळलंच पाहिजे.

झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्यांचं उलट आहे. लोराझेपाम, क्लोनाझेपाम या गटातली औषधं फिटपासून संरक्षण देतात, पण ती चालू असलेल्यांना टीएमएसचा गुण कमी येतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून कोर्सच्या आधी काही आठवडे, मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, त्या हळूहळू कमी करता आल्या तर बघायचं. एकदम बंद करायच्या नाहीत. एकदम बंद केल्या तर फिटचा धोका वाढतो, म्हणजे जे टाळायचं तेच ओढवून घेतल्यासारखं होतं.

पहिला दिवस : अंगठा हलेपर्यंत

प्रत्येकाची कवटी, तिच्याखालचं अंतर आणि मेंदूची संवेदनशीलता वेगळी असते. त्यामुळे यंत्राचा आकडा सगळ्यांना सारखा ठेवता येत नाही. आधी मोटर थ्रेशोल्ड काढायचा : हाताच्या स्नायूला जेमतेम हलवेल एवढी कमीत कमी ताकद किती, ते शोधायचं.

डोक्यावर घट्ट बसणारी कापडी टोपी चढवतो. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापुढच्या कुर्चेपासून दुसऱ्या कानापुढच्या कुर्चेपर्यंत टेप धरायची. दोन्हींचे मध्यबिंदू जिथे मिळतात ती टाळूची खूण. तिथून डावीकडे कानाच्या दिशेने साधारण ५ सेंटिमीटरवर, किंचित पुढे, उजव्या हाताचं केंद्र असतं. कॉइल मध्यरेषेशी ४५ अंशांचा कोन करून, दांडा मागे आणि बाहेर राहील अशी टेकवायची. पेशंटचा उजवा हात उशीवर, बोटं सैल. यंत्र कमाल ताकदीच्या ४०-५० टक्क्यांवर ठेवून एकेक स्पंद द्यायचा, दोन स्पंदांमध्ये निदान पाच सेकंद जाऊ द्यायचे.

सुरुवातीला काहीच होत नाही. मग कधी डोळा लवतो, कधी करंगळी हलते. कॉइल अर्धा-अर्धा सेंटिमीटर सरकवत राहायचं. आणि मग अंगठा आतल्या बाजूला, पेशंटने न हलवता, टुणकन उडतो. इतका वेळ खुर्चीत अंग चोरून बसलेला माणूस त्या क्षणी स्वतःच्या हाताकडे टक लावून बघतो. यंत्राचं काम आपल्या शरीरात दिसलं, हे त्याला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त पटतं. जिथे सर्वांत ठळक हालचाल होते तिथे टोपीवर खूण करायची, ताकद दोन-दोन टक्क्यांनी उतरवत न्यायची आणि दहापैकी पाच स्पंदांना हालचाल होते तो आकडा लिहून ठेवायचा. ईएमजी, म्हणजे स्नायूतली वीज मोजायची सोय, असेल तर हालचालीऐवजी ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद मोजतात. नुसत्या डोळ्यांनी काढलेला थ्रेशोल्ड ईएमजीच्या आकड्यापेक्षा थोडा वर येतो, हे लक्षात ठेवायचं.

इथे दोन चुका फार होतात आणि दोन्हींचे परिणाम उलटसुलट आहेत. पेशंटने ताणाखाली मूठ आवळलेली असेल तर स्नायू आधीच सज्ज असतो, कमी ताकदीला हलतो, आणि थ्रेशोल्ड खोटा कमी येतो. मग पुढचे सहा आठवडे त्याला अपुरी मात्रा मिळते आणि 'टीएमएस लागू पडली नाही' असा शिक्का बसतो. दुसरी चूक म्हणजे कॉइल तिरकी टेकणं. कडेला फट राहिली की ताकद वाया जाते, आकडा खोटा वाढतो, आणि उपचारात कॉइल नीट टेकल्यावर गरजेपेक्षा जास्त मात्रा बसते. म्हणून शेवटचा आकडा आल्यावर हात पुन्हा सैल करायला सांगून, कॉइल उचलून परत ठेवून, एकदा पडताळा घ्यायचा. दहा मिनिटं जातात, पण ती घालवायचीच.

हा आकडा कोर्सभर कायम राहतो असंही नाही. आठवड्यातून एकदा तो पुन्हा काढणं चांगलं, आणि औषध बदललं की काढायलाच हवा. कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिनसारखी औषधं थ्रेशोल्ड वाढवतात. कोर्सच्या मध्यात ती थांबवली आणि मात्रा जुन्याच आकड्यावर चालू ठेवली, तर ती नकळत जास्त होते.

जागा

थ्रेशोल्ड सापडलेल्या बिंदूपासून सरळ ५ सेंटिमीटर पुढे गेलं की डीएलपीएफसी, असा जुना नियम होता. तो सोपा असल्यामुळे पसरला, आणि अजून कुठे कुठे वापरला जातो. २००१ मध्ये एमआरआयवर ताडून पाहिलं तेव्हा २२ जणांपैकी फक्त ७ जणांत ही जागा बरोबर निघाली. बाकीच्यांत ती मागे, हालचालींची तयारी करणाऱ्या पट्ट्यात पडली. कारण उघड आहे : डोकी लहानमोठी असतात आणि ५ सेंटिमीटर सगळ्यांना तेच.

आम्ही जिथे शक्य आहे तिथे बीम एफ-३ पद्धत वापरतो. नाक ते मागचा उंचवटा, कान ते कान, आणि भुवयांच्या वरून डोक्याचा घेर अशी तीन मापं मिलिमीटरपर्यंत घ्यायची, गणितात टाकायची. गणित दोन अंतरं देतं : घेरावर मध्यरेषेपासून किती डावीकडे जायचं, आणि टाळूच्या खुणेपासून त्या दिशेला किती खाली उतरायचं. खर्च टेपचा आणि पंधरा मिनिटांचा. एमआरआयवर आधारित न्यूरोनेव्हिगेशन असेल तर त्याहून उत्तम. कॅमेरा कॉइल आणि डोकं दोन्हींचा माग ठेवतो आणि दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी पडद्यावर दिसतं.

टोपी वापरणाऱ्यांनी एक काळजी रोज घ्यावी. टोपी दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसत नाही. केस कापले, केसांना जेल किंवा तेल लावलं, टोपी धुऊन आटली, की खुणा सरकतात. नाकाच्या मुळापासून टोपीच्या कडेपर्यंतचं अंतर पहिल्या दिवशी लिहून ठेवायचं आणि रोज ते जुळल्याशिवाय कॉइल आणायची नाही.

सेशन कसं असतं

सर्वांत जुनी पद्धत १० हर्ट्झची : ४ सेकंद स्पंद, २६ सेकंद विश्रांती, अशा ७५ फेऱ्या. एकूण ३,००० स्पंद, साडेसदतीस मिनिटं, थ्रेशोल्डच्या १२० टक्के ताकदीने. विश्रांती ११ सेकंदांवर आणली तर हेच काम एकोणीस मिनिटांत होतं. नवी पद्धत आयटीबीएस. त्यात ५० हर्ट्झच्या वेगाने तीन-तीन स्पंदांचे झुबके सेकंदाला पाच वेळा, २ सेकंद चालू आणि ८ सेकंद बंद. ६०० स्पंद, तीन मिनिटांच्या थोडं वर. २०१८ मध्ये ४१४ पेशंटांवरच्या अभ्यासात तीन मिनिटांची ही पद्धत साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही. त्यामुळे आता अनेक ठिकाणी तीच वापरतात आणि आम्हालाही तीच पसंत आहे. फक्त एक भान हवं : तीन मिनिटांत एक मिनिट कॉइल सरकलेली राहिली तर मात्रेचा तिसरा हिस्सा गेला. लांब सेशनमध्ये चूक सापडायला वेळ मिळतो, इथे मिळत नाही. ऑपरेटरने त्या तीन मिनिटांत मोबाइलकडे, कागदाकडे, कशाकडेही बघायचं नाही.

कानात बोळे दोघांनीही घालायचे, पेशंटने आणि ऑपरेटरनेही. स्पंदाचा आवाज क्षणिक असला तरी १०० डेसिबेलच्या पलीकडे जातो. कोणी बोटाच्या पेराने कपाळावर भराभर टकटक करावी तशी जाणीव होते. त्यासोबत डावी भुवई किंवा पापणी लवते, कधी जबडा आवळला जातो, कारण कॉइलखालून चेहऱ्याच्या नसा आणि स्नायू जातात. पहिल्या आठवड्यात दुखतं, हे लपवून ठेवू नये. पूर्ण १२० टक्के पहिल्याच दिवशी न लावता ८० पासून सुरू करून चार-पाच दिवसांत चढवलं, कॉइल जागेवरच ठेवून दहा-पंधरा अंश फिरवली, तर बहुतेकांना सहन होतं. अर्धा तास आधी साधी पॅरासिटामॉल चालते. दात आपटत असतील तर दातांमध्ये मऊ पट्टी द्यायची. दुखतं म्हणून कॉइल टाळूपासून उचलून धरणं किंवा हळूच मागे सरकवणं, एवढं मात्र करायचं नाही. पेशंटला बरं वाटतं, पण उपचार तिथेच थांबतो.

सेशन चालू असताना झोपू देत नाही. डोकं एका बाजूला कलतं, आणि झोपेतला मेंदू जागेपणीसारखा प्रतिसाद देत नाही.

कधी पहिल्या-दुसऱ्या दिवशी कोणी पांढरं पडतं, घाम फुटतो, नाडी मंदावते. ही बहुतेकदा भोवळ असते. खुर्ची आडवी करून पाय वर घेतले की मिनिटभरात माणूस पूर्ण भानावर येतो. फिटमध्ये अंग ताठरतं, झटके येतात, नंतर काही वेळ गोंधळलेपण राहतं. कॉइल बाजूला, खुर्ची आडवी, माणूस कुशीवर, घड्याळाकडे लक्ष, तोंडात काहीही घालायचं नाही. टीएमएसमधली फिट सहसा आपोआप थांबते. पाच मिनिटं उलटली तर औषध द्यावंच लागतं, म्हणून ते खोलीत भरून ठेवलेलं हवं, कपाटाची किल्ली दुसऱ्या मजल्यावर असून उपयोग नाही.

आठवडे

आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे, तीस सेशन. नंतर तीन आठवड्यांत तीन, दोन, एक अशी उतरती सहा. एकूण छत्तीस. एखादा दिवस चुकला तर तो शेवटी जोडायचा. सलग आठवडा बुडणं मात्र टाळावं. कोर्स ठरवतानाच प्रवास, परीक्षा, लग्नकार्यं विचारून घेतो. नैराश्यातल्या माणसासाठी रोज उठून, आवरून, एका जागी पोचणं हेच मोठं काम असतं, त्यामुळे सोबत येणारं कोणी आधीच ठरवलेलं असेल तर कोर्स पूर्ण होण्याची शक्यता खूप वाढते.

दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतो. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. एकूण बेरीज उतरली तरी तो वेगळा बघायचा. पहिले दोन आठवडे आकडा हलत नाही हे नेहमीचंच. बदल आधी अंगात दिसतो : अंघोळीला कमी वेळ लागतो, फोन उचलला जातो, जेवताना माणूस चार शब्द बोलतो. मन हलकं झाल्याचं पेशंट स्वतः नंतर सांगतो, घरच्यांना आधी कळतं. म्हणून आम्ही घरच्यांनाही दर आठवड्याला विचारतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काहींना मध्येच खाली गेल्यासारखं होतं, बेचैनी किंवा रडू वाढतं. हे होऊ शकतं असं आधी सांगितलं नसेल तर लोक नेमक्या इथेच सोडून जातात. एक गोष्ट मात्र या वेळी बारकाईने पाहायची. ताकद परत आली आणि निराशा तशीच असली, तर धोका वाढतो. नवव्या प्रश्नाचं उत्तर वर गेलं की त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाने पेशंटला भेटायचं.

उलट बाजूही असते. चौथ्या आठवड्यात कोणी म्हणालं, 'तीन तास झोपलो तरी ताजातवाना आहे, डोक्यात दहा योजना आहेत', तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. हा हायपोमॅनिया, म्हणजे बायपोलरमधला अतिउत्साह, असू शकतो. सेशन थांबवून तपासायचं.

विसाव्या सेशनपर्यंत आकडा जागचा हललाच नाही तर आम्ही आधी स्वतःचं काम तपासतो : मापं पुन्हा, थ्रेशोल्ड पुन्हा, औषधांची यादी पुन्हा. सगळं बरोबर निघालं तर उजव्या बाजूला १ हर्ट्झ हा पर्याय असतो. तो संथ आहे, फिटचा धोका त्यात कमी आहे आणि चिंता जास्त असलेल्यांना बरा सोसतो. काही जण तिसाव्या सेशननंतर, चाळिसाव्यापर्यंत वळतात. म्हणून थोडी जरी चढण दिसत असेल तर कोर्स वाढवणं योग्य. अजिबात दिसत नसेल तर वाढवत राहणं अयोग्य, हे पेशंटला स्पष्ट सांगायला हवं.

किती जणांना गुण येतो? २०१० मध्ये १९० पेशंटांवर, खऱ्या आणि खोट्या कॉइलची तुलना करून झालेल्या अभ्यासात पूर्ण बरं होण्याचं प्रमाण १४ टक्के विरुद्ध ५ टक्के होतं. तो कोर्स लहान होता आणि इतर औषधं बंद होती. २०१२ मध्ये प्रत्यक्ष दवाखान्यांतल्या ३०७ पेशंटांची पाहणी आली. औषधं चालू होती, कोर्स पूर्ण होता, पण तुलनेचा गट नव्हता. त्यात डॉक्टरांच्या मूल्यमापनानुसार ५८ टक्क्यांना चांगला गुण आला आणि ३७ टक्क्यांचं नैराश्य ओसरलं. दोन्ही आकडे पेशंटसमोर ठेवावेत. फक्त दुसरा सांगणं ही जाहिरात झाली.

नवं काय

२०२२ मध्ये एफडीएने सेंट या पद्धतीला परवानगी दिली. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेल्या या पद्धतीत एफएमआरआयवरून, म्हणजे मेंदूचं कामकाज दाखवणाऱ्या एमआरआयवरून, प्रत्येकाची जागा ठरवतात आणि दिवसाला दहा सेशन, मधे पन्नास मिनिटांची विश्रांती, असे पाच दिवस देतात. दर सेशनला १,८०० स्पंद, एकूण ९०,०००. अभ्यासात खरे स्पंद मिळालेल्या १४ जणांपैकी ११ जणांचं नैराश्य पुढच्या चार आठवड्यांत कधी ना कधी ओसरलं. आकडा फार आशादायक आहे आणि अभ्यास फार लहान, दोन्ही खरं. नुसती दिवसाला दहा सेशन देऊन, एफएमआरआयशिवाय, 'पाच दिवसांत नैराश्य बरं' म्हणून जे विकलं जातं ते वेगळंच काहीतरी आहे. विचारताना 'जागा कशी ठरवता?' हा पहिला प्रश्न असू द्या.

मंत्रचळ म्हणजे ओसीडीसाठी खोलवर जाणाऱ्या एच-कॉइलला २०१८ मध्ये परवानगी मिळाली. तिथे कॉइल डोक्याच्या पुढच्या भागात, मध्यरेषेवर असते, २० हर्ट्झ, २,००० स्पंद, २९ सेशन. आणि दर सेशनआधी पेशंटची भीती काही मिनिटं मुद्दाम जागी करतात, कारण ते जाळं चालू असतानाच स्पंद देण्यात अर्थ असतो. दुसऱ्या वाटेवर एस्केटामिनचा नाकातला फवारा आहे, २०१९ पासून. त्याचा परिणाम तासांत दिसू शकतो, पण दर वेळी दवाखान्यात दोन तास देखरेखीखाली बसावं लागतं आणि त्या दिवशी गाडी चालवता येत नाही.

टीएमएसचा गुण कायमचा टिकेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. चांगला गुण आलेल्यांपैकी साधारण ६२ टक्के लोकांत तो वर्षभर टिकला, असं एका पाठपुराव्यात आढळलं, आणि त्यातल्या काहींना मधे पुन्हा थोडी सेशन लागली होती. औषधं आणि मानसोपचार चालू राहतात. पीएचक्यू-९ महिन्यातून एकदा घरीच भरावा. सलग दोन वेळा पाच गुणांनी वर गेला तर पूर्ण कोसळण्याची वाट न बघता फोन करावा. पहिल्या खेपेला गुण आलेल्या बहुतेकांना दुसऱ्या खेपेलाही येतो.

त्यासाठी कोर्स संपताना उपचाराची नोंद मागून घ्या. तिच्यात यंत्राचं आणि कॉइलचं मॉडेल, थ्रेशोल्डचे सगळे आकडे तारखांसह, जागा ठरवण्याची पद्धत, टाळूच्या खुणेपासूनची दोन्ही अंतरं, स्पंदांची पद्धत आणि दर आठवड्याचे गुण असायला हवेत. मॉडेलचं नाव मुद्दाम, कारण टक्केवारी ही त्या त्या यंत्राच्या कमाल ताकदीची असते. एका यंत्रावरचे ५८ टक्के दुसऱ्या यंत्रावर ५८ नसतात. दुसरीकडे कोर्स घेताना जुना कागद पाहून कोणी थेट आकडा लावू लागलं, तर आधी थ्रेशोल्ड काढायला सांगा.